एक मीटर चाळीस

आमच्या घरामागून व्हाळ जातो. कुडाळ तालुक्यात असे शेकडो असतील. जूनमध्ये भरतो, दिवाळीनंतर बारीक होत जातो, जानेवारीत नुसते दगड. त्याला कडा नाही, धबधबा नाही. माडांच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पाणी उतरतं ते फक्त एक मीटर चाळीस सेंटीमीटर. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून मी आणि बाबांनी ते तीनदा मोजलं.

मोजायचं कारण आजीचं इन्सुलिन. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा आमच्याकडे नऊ दिवस लाईट नव्हती. मासळीसाठी बर्फ करणाऱ्या फॅक्टरीत जनरेटर होता, म्हणून बाबा रोज तिथून बर्फ आणायचे. इन्सुलिन गोठलं तरी वाया जातं, त्यामुळे ते फडक्यात गुंडाळून बर्फाला टेकणार नाही असं ठेवायचं. त्यानंतर आत्याने धोशा लावला, आईला पुण्याला पाठवा. आजीचं उत्तर ठरलेलं: "माका खंयच नेव नकात."

सोलर लावा, असं सगळे सांगतात. लावलंय. पण आमच्याकडे लाईट जाते ती मुख्यतः पावसाळ्यात, आणि तेव्हाच आठ-आठ दिवस ऊन नसतं. त्या दिवसांत घराभोवती भरपूर असतं ते पाणीच.

पाण्याचं गणित दोन आकड्यांचं. सेकंदाला किती लिटर येतं, आणि ते किती उंचीवरून पडतं. या उंचीला हेड म्हणतात. दोन्हींचा गुणाकार करून 9.81 ने गुणलं की वॅट मिळतात. आमचा पाट 60 सेंटीमीटर रुंद, पाणी 20 सेंटीमीटर खोल. त्यात आंब्याचं पान सोडलं, तर ते चार मीटर जायला दहा सेकंद घेतं. तळाशी आणि कडेला पाणी हळू चालतं, ती वजावट धरून सेकंदाला साधारण 40 लिटर. गुणाकार 549 वॅट.

हे पाणी किती याचा अंदाज यायला कोयनेकडे बघा. तिथे पाणी साडेचारशे मीटरहून जास्त खाली पडतं. तेवढ्या उंचीवरून 549 वॅटला सेकंदाला सव्वाशे मिलीलीटर पुरतं, म्हणजे एक कप चहा. आम्हाला त्यासाठी दर सेकंदाला दोन मोठ्या बादल्या लागतात. यूट्यूबवर डोंगरातून बारीक पाईप आणून घर उजळवणारे व्हिडिओ बघून कितीतरी लोक हुरळतात; सपाट जागेत त्यातलं काहीच चालत नाही. इथे यंत्र रुंद तोंडाचं हवं. व्हिएतनामच्या खेड्यांत घरगुती वापराची, दीड मीटर हेडवर चालणारी पंख्यासारखी टर्बाइन्स आहेत. त्याच धर्तीचं एक आम्ही वर्कशॉपमधून पत्रा वाकवून करून घेतलं. खाली रुंद होत जाणारा एक नळ पाण्यात बुडालेला असतो. तो पाणी ओढून घेतो, म्हणून पंख्याखालची उंचीसुद्धा फुकट जात नाही.

अशा घरगुती यंत्रातून निम्म्याहून कमीच हाती लागतं. मीटरवर दोनशे वॅटच्या आसपास दिसतात. लॅपटॉपचे तीन चार्जर. ऑफिसात सांगितलं तर लोक हसले. पण हे दोनशे रात्रीही असतात, चोवीस तासांत जवळजवळ पाच युनिट, आणि आमच्या छोट्या फ्रिजला दिवसाला एक पुरतं. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर बरेच जास्त वॅट मागतो, म्हणून मध्ये बॅटरी आणि इन्व्हर्टर. बॅटरी भरली की उरलेली वीज आंघोळीच्या पाण्यातल्या कॉइलमध्ये जाते, नाहीतर भार गेल्यावर टर्बाइन सुसाट फिरेल.

वर बांध घालून आणखी 40 सेंटीमीटर मिळवता आले असते. पन्नास-साठ वॅट वाढले असते. वरचा कुणगा चुलतकाकांचा. ते बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, "पाणी चढला तर माझो कुणगो बुडतलो." त्यांच्या भाताची किंमत कुठल्या युनिटमध्ये मोजायची? विषय तिथेच मिटला, आणि मला तो मिटलेलाच बरा वाटतो. एका सातबाऱ्यावर सतरा नावं असताना साठ वॅटसाठी भांडण काढणं महागच.

खरी गंमत पुराची आहे. लोकांना वाटतं, जास्त पाणी म्हणजे जास्त वीज. आमच्याकडे खाली रस्त्याची अरुंद मोरी आहे. मुसळधार पावसात ती तुंबते, आणि वर पाणी 30 सेंटीमीटर चढलं तर खाली मीटरभर चढतं. एक मीटर चाळीसचे सत्तर सेंटीमीटर उरतात. व्हाळ रोरावत असतो आणि टर्बाइन जेमतेम वळतं. कोयनेला मीटरभराने काय फरक पडणार, आमचं निम्मं भांडवल जातं. सुदैवाने व्हाळ लहान, अर्ध्या दिवसात उतरतो. बॅटरीवर फ्रिज दोन दिवस निघतो.

मी खालच्या बाजूला पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर लावलाय, पुण्यात फोनवर आलेख दिसतो. बाबा तो बघत नाहीत. मोरीजवळचा पांढरा दगड दिसेनासा झाला की ते पाटाचं फळकूट खाली सोडतात, आणि बहुतेक वेळा माझ्या अलर्टच्या आधी.

मला चिंता आहे ती जाळीची. पाटाच्या तोंडाशी पालापाचोळा अडतो. पाच सेंटीमीटर तुंबलं तरी एवढ्याशा हेडमधून तेवढं वजा. पावसाळ्यात बाबा सकाळ-संध्याकाळ दाताळं घेऊन तिथे उतरतात, शेवाळलेल्या दगडांवरून, एकसष्टाव्या वर्षी. आपोआप साफ होणारी जाळी मी कागदावर काढली आहे. तिला फिरवायलाच चाळीस वॅट लागतील. गडी मिळत नाही. आत्याचं म्हणणं, हे सगळं सोडा आणि दोघांनाही इकडे आणा. या वेळी ते मला आधीसारखं उडवून लावता आलं नाही.

बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आहे. डॉक्टरांनी ऑक्टोबर सुचवला होता. बाबांनी फेब्रुवारी मागून घेतला. तोवर व्हाळ आटलेला असेल, आणि सोलर असेल.