बसवणावळ

आमच्या इंदूरात मोटारीचा सुटा भाग घ्यावयास गेलो की दुकानदार हमखास म्हणतो, ‘फिटिंग फ्री है, साहब.’ हे औदार्य आम्हांस खटकते. वायपरचे पाते बसवण्यास दोन मिनिटे लागतात. त्याची मजुरी मागणे क्षुद्रपणाचेच. पण बॅटरी? तिचे ऋण टोक सोडताना आधी सोडावे, जोडताना शेवटी जोडावे. क्रम चुकून पान्हा पत्र्याला टेकला की ठिणगी! हॅलोजन दिव्याच्या काचेस बोट लागले तर तेलकट डागाने त्याचे आयुष्य घटते. हे सारे जाणणाऱ्या पोराच्या हाती काय पडते? गिऱ्हाइकाच्या मर्जीचे दहा-वीस रुपये.

सराफ घडणावळ निराळी लावतो. तिच्यावर आपण घासाघीस करू, पण ती मुळात का, असे कोणी विचारीत नाही. मग बसवणावळच (शब्द कोशात नसला तर नसो) पावतीवर का नको? दुकानदार ती सोडीत नाहीच, किमतीत मिसळतो; घरी स्वतः भाग बसवणाराही ती भरतो.

आमची नोकरी कराच्या खात्यात गेली, म्हणून एक सांगतो. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा पुष्कळ सुट्या भागांवर २८ टक्के कर होता, दुरुस्तीच्या मजुरीवर १८. पावतीत दोन्ही वेगळे दाखविल्यास आकारणीही वेगळी, असे २०१८ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले होते. मिसळलेल्या मजुरीवर मात्र २८ टक्केच बसत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोहोंचा दर १८ झाला. कराचा तोटा गेला, मिसळ कायम आहे.

आणि भाग वाकडा बसला तर? फुकटच्या कामाची तक्रार ऐकतो कोण? आम्ही मजुरी निराळी लिहावयास सांगतो. दुकानदार हसतो, पण लिहितो.