पोटमाळ्यावरची खोली

रेड क्लाउड हे अमेरिकेच्या मिडवेस्टमधले, नेब्रास्का राज्यातले एक लहान गाव. कॅन्ससची सीमा तिथून थोड्याच मैलांवर आहे. १८७० च्या दशकाच्या आरंभी रिपब्लिकन नदीच्या खोऱ्यात ते वसले, रेल्वे आल्यावर वाढले आणि आज तिथे सुमारे हजार माणसे राहतात. मिडवेस्टमध्ये अशी गावे शेकड्यांनी आहेत: एक मुख्य रस्ता, धान्याची उंच कोठारे, दोन-चार चर्च, एक शाळा आणि शेवटचे घर संपताच सुरू होणारी शेते. त्यांतल्या बहुतेकांच्या आठवणी तिथे वाढलेल्या माणसांबरोबरच जातात. रेड क्लाउडच्या राहिल्या, कारण १८८४ ते १८९० या काळात तिथे वाढलेल्या एका मुलीने पुढे ते गाव जन्मभर लिहिले. ती मुलगी म्हणजे कादंबरीकार विला कॅथर.

विलाचा जन्म ७ डिसेंबर १८७३ रोजी व्हर्जिनियात झाला. डोंगर, झाडी आणि जुन्या घरांच्या त्या मुलखातून कॅथर कुटुंब १८८३ मध्ये नेब्रास्कात आले, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पहिले सुमारे दीड वर्ष त्यांचा मुक्काम गावाबाहेरच्या माळरानावर, शेतात होता. झाडे जवळजवळ नाहीत, नजर अडावी असे काही नाही. जिकडेतिकडे वाऱ्यावर हलणारे गवत. मुलीला ते मोकळेपण आधी सुखाचे वाटले नाही. आपण कुणीच उरलो नाही असे वाटावे, इतके ते अफाट होते.

तिला आधार मिळाला तो माणसांचा. आसपासची शेते चेक, स्वीडिश, जर्मन, डॅनिश, नॉर्वेजियन अशा नव्याने आलेल्या कुटुंबांची होती. विला घोड्यावरून त्यांच्या घरी जाई आणि लोणी काढणाऱ्या, पाव भाजणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपाशी बसून राही. त्यांना इंग्रजी जेमतेम येई, तरी मागे सोडलेल्या देशाबद्दल त्या तिच्याशी बोलत. देश सुटलेल्या बायका आणि व्हर्जिनिया सुटलेली मुलगी यांचे दुःख एकच होते. हरवलेल्या गावाची ओढ म्हणजे काय, हे तिला स्वतःचे गाव मिळण्याआधीच त्या स्वयंपाकघरांत कळले.

१८८४ मध्ये कुटुंब रेड क्लाउडमध्ये भाड्याच्या घरात आले. घर लहान आणि माणसे फार: आईवडील, आजी, घरकामाला मदत करणारी बाई आणि वाढत जाऊन सातवर गेलेली मुले. विला सर्वांत थोरली. पोटमाळ्यावर मुले झोपत. त्याच्याच एका बाजूला पुढे तिला स्वतंत्र खोली मिळाली. खोलीच्या भिंतींना गुलाबाच्या नक्षीचा कागद आहे. गावातल्या औषधांच्या दुकानात काम करून तिने तो मिळवला आणि स्वतःच्या हाताने लावला. खाली सगळे सगळ्यांचे होते. वर आल्यावर एवढी एक जागा तिची होती.

लहान गाव मुलाला सर्वांत मोलाचे देते ते घरोघरचा प्रवेश. मोठ्या शहरात मूल बहुधा आपल्यासारख्याच घरांत वावरते. रेड क्लाउडमध्ये विलाला सगळी दारे उघडी होती. गावातले डॉक्टर रुग्णांना पाहायला निघाले की तिला बग्गीत घेत. दुकानात काम करणारे एक इंग्रज गृहस्थ, विल्यम डकर, तिच्याबरोबर लॅटिन आणि ग्रीक वाचत. शेजारच्या वीनर दांपत्याला फ्रेंच आणि जर्मन येत असे. त्यांच्या पुस्तकांच्या कपाटांना तिच्यासाठी कुलूप नव्हते. मायनर कुटुंबाच्या घरी पियानो वाजे, आणि त्याच घरी ॲना सादिलेक ही चेक मुलगी कामाला होती. ॲनाच्या वडिलांनी आल्यानंतर थोड्याच काळात, परक्या मुलखातल्या हिवाळ्यात आत्महत्या केली होती. नेब्रास्कात पाऊल ठेवल्यावर विलाने ऐकलेल्या पहिल्या कहाण्यांत ही एक होती. डॉक्टर, दुकानदार, मोलकरीण आणि बँकेचा मालक यांची सुखदुःखे एकाच वयात, एकाच रस्त्यावर पाहायला मिळणे ही लहान गावाची श्रीमंती आहे.

मुलांचे स्वतःचेही एक गाव होते. कॅथरांच्या अंगणात खोकी ओळीने मांडून त्यांनी एक मुख्य रस्ता उभारला, त्याला सँडी पॉइंट हे नाव दिले आणि विलाला महापौर केले. उन्हाळ्यात रॉस्को आणि डग्लस या भावांबरोबर नदीतल्या वाळूच्या बेटांवर तिचे दिवस जात. घर, अंगण, रस्ता, नदी अशी ती हद्द पायी संपणारी होती, आणि म्हणूनच तिचा कानाकोपरा मुलांना पाठ होता.

बाहेरचे जग दोन वाटांनी आत येई. एक रेल्वे, तिचे स्टेशन गावाच्या दक्षिणेला सुमारे मैलभरावर होते. दुसरी वाट म्हणजे १८८५ मध्ये एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर बांधलेले ऑपेरा हाउस. हिवाळ्यात फिरत्या नाटक कंपन्या येत, आणि त्यांची गाडी यायच्या वेळी मुले स्टेशनवर हजर असत. रंगवलेले पडदे आणि थकलेले नट यांतून त्यांना जे मिळाले त्याबद्दलची कृतज्ञता कॅथरने १९२९ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रात नोंदवली. १८९० मध्ये त्याच रंगमंचावरून तिने शाळा संपल्याचे भाषण केले. त्या वर्षी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी तीनच होते. अंधश्रद्धेपेक्षा शोधक बुद्धी श्रेष्ठ, अशी बाजू तिने त्यात मांडली.

या भाषणाला एक संदर्भ होता. जे गाव मुलाला नावाने ओळखते, ते त्याच्यावर नजरही ठेवते. विला केस बारीक कापत असे, मुलांसारखे कपडे घालत असे आणि ‘विल्यम कॅथर’ अशी सही करत असे. डॉक्टर होण्याच्या ध्यासाने प्राण्यांची चिरफाडही करत असे. लहान गावात यातले काहीच लपत नाही. उघडी दारे दोन्ही बाजूंनी उघडी असतात. प्रत्येक घर जिच्या परिचयाचे, तिच्याबद्दल प्रत्येक घराला काही ना काही म्हणायचे असते. ज्या मुलीला वाढायला या गावाने इतके दिले, तिला राहायला ते पुरले नाही. १८९० मध्ये ती शिकायला लिंकनला गेली, १८९६ मध्ये पिट्सबर्गला आणि १९०६ मध्ये न्यूयॉर्कला.

गाव दूर गेल्यावर लिहिणे जवळ आले. लेखकाची खरी सामग्री पंधराव्या वर्षाच्या आत जमा होते, असे तिचे मत होते, आणि तिच्या कादंबऱ्या त्याचा पुरावा आहेत. ‘ओ पायनियर्स!’ (१९१३) मधले हॅनोव्हर, ‘द साँग ऑफ द लार्क’ (१९१५) मधले मूनस्टोन, ‘माय आंटोनिया’ (१९१८) मधले ब्लॅक हॉक आणि ‘अ लॉस्ट लेडी’ (१९२३) मधले स्वीट वॉटर ही सारी नावे वेगवेगळी असली, तरी त्यांतले रस्ते रेड क्लाउडचे आहेत. ॲना सादिलेक आंटोनिया झाली. भरलेले घर आणि त्यात मूकपणे राबणारी आजी ‘ओल्ड मिसेस हॅरिस’ या कथेत आली, ती १९३२ मध्ये. म्हणजे आजी गेल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी. लहानपणी पाहिलेले कळायला कधीकधी इतका काळ लागतो. गतस्मृतींना हळवेपणा म्हणून बाजूला सारणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. आठवण हे मागे राहिलेल्या माणसांना उशिरा का होईना, न्याय देण्याचे काम असते.

या आठवणींनाही सीमा आहेत. गावाला नाव मिळाले ते लकोटा लोकांच्या नेत्याचे, आणि ही भूमी ज्यांच्या वावराची होती त्या पॉनी लोकांना १८७० च्या दशकात नेब्रास्का सोडून दक्षिणेला जावे लागले. कॅथर कुटुंब पोहोचले तेव्हा ही घटना दहा वर्षांचीही जुनी नव्हती. कादंबऱ्यांत मात्र माळरान बव्हंशी रिकामेच दिसते. एका मुलीला सुरुवातीसारखे वाटलेले गाव दुसऱ्या कुणाचा शेवट होता, हेही रेड क्लाउडच्या आठवणींत मोजले पाहिजे.

वडील १९२८ मध्ये आणि आई १९३१ मध्ये गेली. त्या वर्षीच्या नाताळाला कॅथर रेड क्लाउडला येऊन गेली. त्यानंतर ती तिथे आली नाही. शेतावरच्या जुन्या मैत्रिणींना मात्र मंदीच्या कठीण वर्षांत तिची मदत पोहोचत राहिली. २४ एप्रिल १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचा मृत्यू झाला. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने तिचे घर, ऑपेरा हाउस आणि इतर इमारती जपल्या. गावाच्या दक्षिणेला ६१२ एकर माळरानही राखले आहे. पोटमाळ्यावरचा गुलाबांचा कागद फिका पडला आहे, पण भिंतीवर आहे. एके काळी एका मुलीला जी घरे न विचारता उघडी होती, ती आता तिच्या वाचकांना उघडी आहेत.