नाव फाइलीत नसते

वळवाच्या पावसाची भोकरला एक ठरलेली रीत आहे. आधी धूळ, मग वारा, मग वीज जाते; पाऊस आलाच तर शेवटी. २०१९ च्या मे महिन्यातल्या एका दुपारी पाऊस आला नाही, वीज तेवढी गेली. विभागातल्या संगणकाच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झाली होती. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते आणि ती बदलणे हे दुसऱ्याचे काम आहे, असे दोघेही समजत होतो. त्या वेळी संगणकावर जात्यावरच्या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणांची फेरमांडणी चालली होती.

संध्याकाळी वीज आली. लिनक्स सुरू झाले, पण डेटाचे पार्टिशन उघडेना. सुपरब्लॉक वाचता येत नाही, एवढेच उत्तर पडद्यावर येत राहिले.

त्या पार्टिशनवर २००९ ते २०११ या काळात भोकर तालुक्यातल्या आणि तेलंगणाच्या हद्दीलगतच्या गावांतून आम्ही मुद्रित केलेले आवाज होते. गाणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक आता हयात नाहीत. दुसरी प्रत नव्हती. पाठचिकित्सेचा पेपर शिकवणाऱ्यांनी एकमेव प्रत बाळगावी, याला काय म्हणावे!

घाबरलेला माणूस जे करतो तेच आम्ही करणार होतो. दुरुस्तीचा एफएससीके हा आदेश आम्हाला ऐकून माहीत होता. तो दर जोडाला प्रश्न विचारतो, हे दुरुस्त करू का? सगळ्यांना एकदम 'हो' म्हणण्याचीही सोय त्यात आहे. संगणकशास्त्राचा एक माजी विद्यार्थी गावात होता, त्याला बोलावले. तो म्हणाला, "सर, आधी नक्कल करू. मूळ डिस्कला हात लावायचा नाही. जे काही चुकायचं ते नकलेवर चुकू." हे वाक्य आम्ही वर्गात वीस वर्षे वेगळ्या शब्दांत सांगत आलो होतो. त्याने डीडीरेस्क्यू लावून संपूर्ण पार्टिशनची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवली. त्याला रात्र गेली.

मग सकाळी त्याने जे समजावले, ते आम्हाला अनपेक्षितपणे ओळखीचे वाटले. सुपरब्लॉक म्हणजे त्या पार्टिशनची कुंडली: खंड किती, त्यांचा आकार किती, मांडणी कशी. तो बिघडला तर आतले सारे असूनही वाचता येत नाही. म्हणून लिनक्सची ही फाइलव्यवस्था त्याच्या प्रती ठरावीक अंतरावर दडवून ठेवते. ४ केबीचे खंड असतील तर पहिली प्रत ३२७६८ व्या खंडात, म्हणजे सुरुवातीपासून १२८ एमबीवर. पुढची ९८३०४ मध्ये, त्यापुढची १६३८४० मध्ये. पहिली प्रत भ्रष्ट असेल तर दुसरी घेऊन वाचायचे. ३२७६८ वर प्रत शाबूत होती. दुरुस्तीचा आदेश तिच्या आधारे चालवला, प्रश्नांना एकेक करून उत्तरे दिली आणि बहुतेक फोल्डर नावानिशी परत आले.

बहुतेक. २७ फाइली मात्र 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये नुसते क्रमांक लावून पडल्या होत्या. आवाज धडधाकट होते, नावे गेली होती. विद्यार्थ्याने खुलासा केला: फाइलीचे नाव फाइलीत नसतेच, ते फोल्डरच्या नोंदीत असते. फाइलीपाशी तिचा आकार, तिची वेळ आणि तिचे तुकडे कुठे आहेत एवढेच राहते. आणि आम्ही तर गाणारीचे नाव, गाव, वय हे सारे फाइलीच्या नावातच लिहीत आलो होतो.

वेळ उरली आहे म्हटल्यावर आम्हाला हुरूप आला. तारखेवरून गाव काढू, मुद्रणाची टिपणवही होतीच. पण २७ ही फाइलींची तारीख एकच निघाली, २०१४ मधली. जुन्या संगणकावरून नव्यावर फाइली घेतल्या तो दिवस. पोथीच्या शेवटी लेखनिकाने घातलेला शक हा रचनेचा शक समजून फसलेले संशोधक आम्ही विद्यार्थ्यांना हसत हसत सांगतो.

राहून राहून लीळाचरित्र आठवत होते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरांच्या लीळा माणसांना विचारून विचारून जमवल्या. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली आणि पंथातल्या मंडळींनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. आठवणारे वेगळे, म्हणून पाठही वेगळे. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये संपादित केलेली जाडजूड आवृत्ती आमच्या कपाटात आहे. तिच्यामागची मूळ फाइल सातशे वर्षांपूर्वीच गेली, असे आम्ही त्या दिवशी प्रथम म्हटले. विद्यार्थी हसला नाही. त्याने विचारले, "मग बॅकअप माणसांत होता?"

(ओव्यांचे लिखित उतारे निराळेच रुसले होते. ते युनिकोडपूर्व फाँटमध्ये गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेले. फाइली उघडत, दिसत मात्र इंग्रजी अक्षरांचा चिवडा. महानुभावांच्या सकळ लिपीची किल्ली हाती येईपर्यंत त्यांच्या पोथ्या अशाच दिसत असणार. फाँट मिळाला आणि हे प्रकरण तासाभरात मिटले.)

आता माणसांकडेच जाणे आले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव सांभाळलेले दिसते. त्याचे मोल आम्हाला आता कळले. ओवी गावोगाव जवळपास सारखीच असते. ती अमकीची होते ती नावाने.

ऐकून ऐकून काही खुणा सापडल्या. एका मुद्रणात मागे रेल्वेची शिट्टी होती, म्हणजे मुदखेड-आदिलाबाद मार्गालगतचे गाव. दुसरीच्या मराठीला तेलुगूचा हेल होता. मोबाइलवर फाइली घेऊन आम्ही जून-जुलैचे रविवार हिंडलो.

एका घरी चाळिशीतल्या बाईने अर्धी ओवीही ऐकली नाही. "हा आवाज माह्या मायचा हाय," म्हणाली आणि आत गेली. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली. फाइल तिला हवी होती; तिच्या मुलाच्या मोबाइलवर ती तिथल्या तिथे दिली. तेवढाच आमचा पहिला खरा बॅकअप.

दुसऱ्या गावात दोन जावांमध्ये वाद झाला. एक म्हणे, सासू. दुसरी म्हणे, शेजारची आत्या, सासूचा आवाज जाड होता. दोघीही ठाम. आम्ही दोन्ही नावे लिहून घेतली, कुणी कोणते सांगितले त्यासह.

२७ पैकी २२ आवाजांना नावे मिळाली. उरलेल्या पाचांत एक फार सुरेख गळा आहे. जात्याची घरघर मध्येच थांबते, कुणाला तरी ती 'दार लोटून घे' म्हणते आणि पुन्हा गाऊ लागते. ती फाइल आम्ही दुरुस्तीने दिलेल्या क्रमांकानेच ठेवली आहे. आता तिच्या तीन प्रती आहेत, तीन ठिकाणी. तेलंगणाकडून लग्न होऊन आलेली कुणी म्हातारी भेटली की आम्ही ती अजून ऐकवतो.