परभृत

आमच्या नगरच्या घरामागें एक जुना निंब आहे. ज्येष्ठ-आषाढांत त्यावर कावळ्यांचें घरटें असतें. घरटें कोणत्या झाडावर बांधलें आहे हें पाहून शेतकरी पावसाचा अंदाज करितात. मी मात्र लहानपणीं त्यांत अंडीं कोणाचीं असतील, याचाच विचार करीत बसत असें.

त्यास कारण होतें. मी सहा वर्षांचा असतांना आई वारली आणि आत्याबाईंनीं मला आपल्या घरीं आणिलें. एके दिवशीं ओसरीवर बसलेल्या एक पाहुण्या बाई मजकडे पाहून त्यांस म्हणाल्या, “कोकिळेचें पोर हो! पंख फुटले कीं जाईल उडून.” आत्याबाई कांहींच बोलल्या नाहींत. तें न बोलणें मला फार दिवस सलत राहिलें.

त्याच वर्षीं निंबावर मीं तें दृश्य पाहिलें. काळसर अंगावर फिकट ठिपके असलेलें एक पिलूं पंख थरथरवीत चोंच वासून बसलें होतें आणि कावळा त्यास भरवीत होता!

आपल्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. अमरकोशांत कोकिळास परभृत, म्हणजे दुसऱ्यानें पोसलेला, आणि कावळ्यास परभृत्, म्हणजे दुसऱ्यास पोसणारा, अशीं नांवें आहेत. पाय मोडण्याचा काय तो फरक! कोकिळेचें अंडें कावळ्याच्या अंड्याआधीं फुटतें, म्हणून तिचें पिलूं आधीं वाढीस लागतें. युरोपांतील कुकू पक्ष्याचें पिलूं तर घरट्यांतील इतर अंडीं पाठीवर घेऊन बाहेर लोटतें. हें देवीची लस शोधणाऱ्या जेन्नरनें १७८८ सालीं लिहून ठेविलें. आपल्याकडील कोकिळेचें पिलूं सहसा तसें करीत नाहीं. कावळ्याचीं पिलेंही कधीं कधीं त्याच्यासंगें वाढतात. कूळ एक, पण स्वभाव निराळे.

मग रक्ताचें काय? पक्ष्यांमध्यें मादीस एक गुणसूत्र केवळ आईकडूनच मिळतें. कुकूच्या कांहीं माद्या निळीं अंडीं घालतात; तो रंग असाच आईकडून मुलीकडे उतरतो, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. आणि आमचा कोकीळ? जन्मापासून ‘काव काव’ ऐकून वाढतो, पण वसंत आला कीं ‘कुहू’च म्हणतो! हें वाचून क्षणभर त्या पाहुण्या बाईंचेंच खरें, असें मला वाटलें.

माझा आवाज वडिलांसारखा आहे, असें सारे म्हणतात. परंतु भाकरी मोडण्यापूर्वीं डोळे मिटण्याची रीत, आणि कोणी टोचून बोललें असतां गप्प बसण्याची संवय, हीं दोन्हीं आत्याबाईंचीं. शिकावयास पुण्यास गेल्यावरही तीं सुटलीं नाहींत.

गेल्या नाताळच्या सुटींत मीं धीर करून विचारलें, “आत्या, त्या दिवशीं तुम्हीं त्यांना उत्तर कां दिलें नाहीं?”

“दिलें होतें कीं,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या चहांत साखर घातली नव्हती मीं.”