आमचा परदेश : बोईसर

मैत्रिणींनो, लग्न होऊन अमेरिकेला गेलेल्या मुलींच्या फजितीच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ वाचल्या असतील. तिथला बर्फ, तिथले नळ, तिथली यंत्रं! आमच्या नशिबी एवढा लांबचा परदेश नव्हता. यांना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी लागली आणि २०१४ च्या जूनमध्ये दोन ट्रंका, पाटा-वरवंटा, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई एवढा ऐवज घेऊन मी मिरजेहून बोईसरला उतरले. पासपोर्ट तेवढा लागला नाही.

नातेवाइकांच्या लेखी आम्ही ‘मुंबईला’ गेलो होतो. यांच्या आत्याबाई एकदा दादरला उतरल्या आणि फोन करून म्हणाल्या, “घ्यायला ये गं, जवळच ना तुमचं घर?” आता दादरहून बोईसर नव्वदेक किलोमीटर! डहाणूपर्यंत लोकल २०१३ सालीच सुरू झाली होती म्हणून बरं. बिचाऱ्या विरारच्या पुढे दर स्टेशनला “आलं का?” असं विचारत आल्या. सफाळे झालं, केळवे रोड झालं, पालघर झालं, उमरोळी झालं. बोईसरला उतरल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, “अगं, ही मुंबई संपते तरी कुठे?”

गॅसच्या कागदांवर, शाळेच्या अर्जावर ‘जिल्हा ठाणे’ असं लिहून हात दुखले, तोच १ ऑगस्टला पालघर हा वेगळा जिल्हा झाला. घर तेच, खोल्या त्याच, पण पत्ता बदलला! सासूबाई घरमालकांना म्हणाल्या, “जिल्हा बदलला तर भाडं नाही का बदलायचं थोडं?” भाडं काही हललं नाही.

पावसाचं तर बोलूच नका. आमच्याकडे पाऊस ‘येतो’, इथे तो मुक्कामाला असतो. मिठाच्या बरणीत पाणी, पापड लोळागोळा, आणि दोरीवरचे कपडे चौथ्या दिवशीसुद्धा ओले. (मिठात चमचाभर भाजलेले तांदूळ घालून ठेवा आणि कपडे रात्री पंख्याखाली पसरा. तुमच्यापैकी कोकणातल्या हसतील, पण घाटावरच्यांसाठी सांगते.) त्यात यांची रात्रपाळी. पत्र्यावर पाऊस वाजायचा आणि आम्ही सासू-सुना दाराला कडी, कडीला दोरी बांधून जाग्या.

पुढे मला एका शाळेत अर्धवेळ काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात गणिताचा तास. “पाच आणि दोन किती?” एक चिमुरडा उठला आणि म्हणाला, “हात!” मी म्हटलं, “हो, हात खाली कर आणि उत्तर सांग.” त्याने तर हात वर केलाच नव्हता! तो पुन्हा “हात!” मी पुन्हा “खाली!” वर्ग हसून लोटपोट. शेवटी शाळेतल्या मावशी दारातून म्हणाल्या, “बाई, तो सातच सांगतोय.” इथल्या वाडवळी बोलीत ‘च’ चा ‘स’ होतो आणि ‘स’ चा ‘ह’. पाच म्हणजे पास, सात म्हणजे हात, साखर म्हणजे हाकर. माझी मराठीची बी. ए. ची पदवी एका तासात पहिलीच्या बाकावर जाऊन बसली. त्यातून दुकानात गेलं की गुजराती आणि यांच्या कारखान्यात हिंदी!

सासूबाई माळकरी. त्यांना एका रविवारी समुद्र दाखवायला किनाऱ्यावर नेलं. लांबूनच बांबूंच्या मांडवावर काहीतरी पांढुरकं लोंबताना दिसलं. त्या कौतुकाने म्हणाल्या, “किती कामसू गं या बायका! एवढ्या कुरडया वाळत घातल्यात.” आम्ही कुणीच बोललो नाही. तेवढ्यात वारं फिरलं. ते बोंबील होते! सासूबाईंनी पदर नाकाला लावला तो घरी येऊन अंघोळ होईपर्यंत. पण मग स्वतःच हसत सुटल्या, “विठ्ठला, मी त्यांना कुरडयांची कृती विचारायला निघाले होते रे!”

भोंग्याच्या दिवशी मात्र हसू आलं नाही. भर दुपारी कारखान्यांकडून भोंगा सुरू झाला तो थांबेचना. घाटावरून आलेल्या माणसाला तारापूर म्हटलं की अणुभट्टीच आठवते. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र हे, १९६९ पासून चालू. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधलेलं. (तेव्हा त्या अमेरिकन इंजिनिअरांबरोबर कुणाच्या बायका आल्या असतील, तर त्यांच्या मिठाचं आणि कपड्यांचं काय झालं असेल, हे मला नेहमी वाटतं.) सासूबाईंनी विठोबा पदरात बांधला, मी मुलाला उचललं आणि आम्ही रस्त्यावर! पानवाला शांतपणे चुना लावत होता. “सराव आहे हो वहिनी, आगीचा.”

त्या रात्री सासूबाईंनी ट्रंक भरली. “दिवाळीला आपण जाऊ ते कायमचे. हा इथे खानावळीत जेवेल.” मीसुद्धा नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मावशी तांदळाची भाकरी शिकवायला आल्या. तेव्हा बाजारात ज्वारी सहज मिळत नव्हती, आणि माझी तांदळाची पहिली भाकरी पाहून यांनी “ही आजारी आहे का, एवढी पांढरी?” असं विचारलं होतं. मावशींनी आधण ठेवलं. सासूबाई दाराशी ट्रंकेवर बसल्या होत्या.

मावशी मूळच्या पोफरणच्या. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली, त्यांतलं एक. नव्या वसाहतीत सगळ्या घरांच्या रांगा सारख्या. मावशींचे सासरे पहाटे उठून लांब समुद्रावर गेले, परत येताना भलत्याच घरात शिरले, ओटीवर बसून म्हणाले, “चहा टाक.” त्या घरच्या सुनेने टाकलासुद्धा! चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कप बघितला आणि म्हणाले, “हा कप आपला नाही.”

आम्ही पोट धरधरून हसलो. मावशीही हसल्या. मग म्हणाल्या, “महिनाभर त्यांना झोप नव्हती. लाटांचा आवाज नाही ना येत.”

“जुनं गाव किती लांब आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“जवळच आहे. पण आता कुंपण आहे तिथं.”

आधणाला उकळी आली. मावशींनी त्यात पीठ टाकलं. सासूबाई ट्रंकेवरून उठल्या, बांगड्या मागे सारल्या आणि परात स्वतःकडे ओढून म्हणाल्या, “गरम असतानाच मळायचं ना हे?”