आधी मनसुबा, मग रेष

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या पहिल्याच प्रकरणात बेनेटबाई नवऱ्याला बातमी देतात, की नेदरफील्डचा बंगला बिंगली नावाच्या श्रीमंत, बिनलग्नाच्या तरुणानं भाड्यानं घेतला आहे. आपल्या पाच मुलींपैकी एखादी त्याला पसंत पडली तर सोन्याहून पिवळं. त्यावर नवरा विचारतो, इथं बिऱ्हाड करण्यामागं त्याचं हेच ‘डिझाइन’ आहे का? १८१३ साली निघालेली ही कादंबरी मी एम.ए.च्या वर्गाला शिकवते आणि या जागी कुणीतरी हटकून अडतं. लग्नाचा आणि डिझाइनचा काय संबंध?

जेन ऑस्टिनच्या वाचकांना हा प्रश्न पडला नसता. त्यांना त्या शब्दात आधी बेत ऐकू यायचा. डॉ. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात ‘डिझाइन’खाली पहिला अर्थ आहे हेतूचा, दुसरा कामाच्या आखणीचा आणि तिसरा दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून रचलेल्या डावाचा. कलावंताचा अर्थ येतो त्यानंतर, आणि तोही हाताचा नाही, मनाचा; जे साकार करायचं आहे ती कल्पना. जुनं इंग्रजी वाचणाऱ्यानं हा क्रम मनात पक्का ठेवावा, असं मी आग्रहानं सांगते. आज आपण नक्षीपासून सुरुवात करतो आणि हेतूपर्यंत पोचतच नाही.

शब्दाचं मूळ लॅटिन, खूण करून दाखवणं या अर्थाचं. इटलीत त्याचं ‘दिसेन्यो’ झालं, आणि जॉर्जो वाझारीनं त्याला चित्र, शिल्प आणि वास्तू या तिन्ही कलांच्या पित्याचा मान दिला. त्याच्याच पुढाकारानं १५६३ साली फ्लॉरेन्समध्ये दिसेन्योच्या नावानं अकादमी स्थापन झाली. कागदावरची रेष म्हणजे मनातल्या संकल्पनेचं दृश्य रूप, असं त्याचं म्हणणं. फ्रेंचांनी पुढं हिशेब वेगळे केले. उच्चार जवळपास एकच, पण स्पेलिंगं दोन, एक हेतूसाठी आणि एक रेखाटनासाठी. इंग्रजीनं ही वाटणी केली नाही, म्हणून तर तिथं दोन्ही अर्थ एकाच घरात नांदले.

मला स्वतःला त्याहून ओढ आहे ती ‘प्लॉट’ची. ‘डिझाइन’ रुळण्याआधीपासून इंग्लंडात बांधकामाच्या नकाशाला ‘प्लॅट’ किंवा ‘प्लॉट’ म्हणत. आधी जमिनीचा तुकडा, मग त्या तुकड्याचा कागदावरचा आराखडा, मग कुठल्याही कामाची आखणी, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कटसुद्धा. १६०५ साली पार्लमेंट दारूनं उडवण्याचा बेत फसला, तो इतिहासात ‘गनपावडर प्लॉट’ याच नावानं राहिला.

शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात हॉटस्पर राजाविरुद्धच्या कटाची तारीफ करतो, तिथं शब्द आहे ‘प्लॉट’. दुसऱ्या भागात बंड पुढं न्यायला जमलेल्या सरदारांना लॉर्ड बार्डॉल्फ सबुरीचा सल्ला देतो. घर बांधायचं तर आधी प्लॉट नीट पाहावा, मग ‘मॉडेल’ काढावं, खर्चाचा अंदाज घ्यावा. झेपणार नसेल तर खोल्या कमी करून नकाशा नव्यानं काढावा, नाहीतर बांधायचं सोडूनच द्यावं. इथं प्लॉट म्हणजे जागा. मॉडेल म्हणजेही निव्वळ लाकडी प्रतिकृती नव्हे. ते ‘काढायचं’ आहे, म्हणजे रेखाटन. पण हे सारं बोलतोय कोण? राजाविरुद्ध कट करणारा माणूस. बांधकामाचा एकेक शब्द बंडालाही लागू पडतो, आणि प्रेक्षकांच्या कानात दोन्ही अर्थ एकदमच वाजत असणार. विद्यार्थी तळटीप वाचून पुढं जातात तेव्हा मी त्यांना इथं थांबवते, कारण हा दुहेरी नाद हरवला तर भाषणातलं नाट्यच जातं.

नाटकवाल्यांचाही एक ‘प्लॅट’ असे. लंडनच्या डलिच कॉलेजात ‘सेव्हन डेडली सिन्स’ या नाटकाच्या दुसऱ्या भागाचा असा तक्ता जपलेला आहे. त्यावर रेघा मारून चौकटी पाडल्या आहेत. कुठल्या प्रवेशात कोण येणार, हे चौकटीचौकटीतून लिहिलं आहे, आणि वरच्या बाजूला खुंटीवर अडकवण्यासाठी भोक आहे. रंगमंचावर जाण्याआधी नटानं त्यावर नजर टाकायची.

कौशल्याचे शब्द संशयाच्या बाजूला कलंडतात, ही या काळाची एक ठळक खूण. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये देवानं निवडलेला कारागीर बसालेल सोन्यारुप्याची ‘कनिंग’ कामं ‘डिव्हाइज’ करतो. कनिंग म्हणजे कसबी, वाखाणण्याजोगं. आज तोच शब्द लबाडाला लावतात. ‘डिझाइनिंग’ माणूस म्हणजेही पुढं कारस्थानी माणूस ठरला. मराठीत ‘कसब’ शाबूत राहिलं आणि ‘कसबीण’ बदनाम झाली, तशातलाच हा प्रकार. ज्याच्या मनात काय शिजतंय ते दिसत नाही, त्याच्या हुशारीची माणसांना धास्ती वाटते, असं मला वाटतं.

मग शब्द रेषेकडे झुकला कशामुळे? त्यात कापडाचा वाटा मोठा आहे. भारतातून जाणाऱ्या छापील सुती कापडानं इंग्लंडला इतकं वेड लावलं, की पार्लमेंटनं १७०० आणि १७२१ साली त्याविरुद्ध कायदे केले. निर्बंध उठल्यावर तिथल्याच छपाईदारांत नक्षीची चोरी सुरू झाली. १७८७ साली लिनन, सुती कापड आणि मलमल यांवरच्या नव्या छापाला दोन महिन्यांचं संरक्षण देणारा कायदा आला, आणि त्याच्या नावातच ‘डिझाइनिंग’ची कला होती. १८३७ साली लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये सरकारी स्कूल ऑफ डिझाइन उघडलं, तेही कारखान्यांच्या मालाला चांगली नक्षी मिळावी म्हणून.

त्याच १८३७ साली मेकॉलेच्या आयोगानं भारतीय दंड संहितेचा मसुदा सादर केला. संहिता १८६० साली मंजूर झाली, आणि तिच्या ११८व्या कलमात फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचं ‘डिझाइन’ लपवणं हा अपराध ठरला. तिथं ना नक्षी, ना आकार. शुद्ध जुना मनसुबा. आपल्या २०००च्या डिझाइन कायद्यात हाच शब्द वस्तूचा आकार, नक्षी आणि रेषा-रंगांची रचना सांगतो, तीही डोळ्यांना दिसेल तेवढीच. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ५८व्या कलमाच्या इंग्रजी पाठात ते ‘डिझाइन’ जसंच्या तसं आहे, आणि ते ज्या साधनांनी लपवलं जाऊ शकतं त्यांत आता ‘एन्क्रिप्शन’चीही नोंद आहे.