पेण ते रोहा : अंगणांतील सदाहरित शोभा

पेणचें नांव काढलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें गणपतीची मूर्ति उभी राहते. पेण, हमरापूर या भागांतील कारखान्यांत मूर्ति घडविण्याचें काम वर्षभर चालतें, हें सर्वश्रुतच आहे. परंतु त्या मूर्तीस वाहावयाचें तांबडें फूल ज्या झुडुपावर येतें, त्याकडे प्रवाशाचें लक्ष सहसा जात नाहीं. पेणहून नागोठण्यावरून रोह्यास जातांना आम्ही या खेपेस मुद्दाम लोकांचीं अंगणें पाहत गेलों. आणि बारमास हिरवीं राहून घरास रंग देणारीं झुडुपें कोठें कोणतीं लावावीं, याचा बराच उलगडा झाला.

पेणच्या पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे खारेपाट पसरला आहे. जमीन खारवट, विहिरींचें पाणी मचूळ आणि गोड्या पाण्याची ओढ जुनी. अशा ठिकाणीं हौसेनें नाजूक रोपें आणून लावणें म्हणजे पिण्याच्या घागरींत वाटेकरी आणणें होय. तेथें शोभते ती कण्हेर. खारा वारा, उन्हाचा ताप, पाण्याची टंचाई, सारें सोसून ती तांबड्या, गुलाबी, पांढऱ्या फुलांनीं कुंपण भरून टाकते. मात्र तिचें मूळ, पान, फूल, सर्वच विषारी. अमरकोशांत करवीरास ‘हयमारक’ असें एक नांव आहे, तें उगाच नव्हे. जें घोड्यास मारतें तें रांगत्या मुलाच्या हाताशीं नसावें. गोठ्यापासूनही दूर असावें. बोगनवेलही अशा रखरखींत तग धरते. तिचा जो रंग आपण फुलांचा समजतों, तो वस्तुतः फुलाभोंवतींच्या पानांचा असतो.

अंबा नदीकांठचें नागोठणें मागें टाकून रोह्याकडे वळलें कीं डोंगरपायथ्याची तांबूस माती लागते. येथें पेंटगुळीची शोभा पाहावी. ही आपल्याकडील रानांतलीच. आंबट गुणाच्या जमिनींत ती तांबड्या गुच्छांनीं लवते, खारवट जमिनींत मात्र तिचीं पानें पिवळीं पडतात. दाराशीं क्रोटनही बहुत दिसतात. हें झाड मूळचें मोलुक्का बेटांकडचें. फुलांवांचून पानांनींच पिवळा, नारिंगी, लाल असा रंग तें दाखवितें. परंतु त्यास ऊन हवें. पडवीच्या सांवलींत ठेवल्यास नवीं पानें हिरवींच येतात, आणि मग गृहिणी रोपें विकणाऱ्यास नांवें ठेवते!

रोह्यांत झाडांविषयीं बोलतांना चिंतामणराव देशमुखांची आठवण होणारच. त्यांच्या घराण्याचें नातें या गांवाशीं. सन १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत ते पहिले आले व संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांस मिळाली. पुढें केंब्रिज येथें त्यांनीं वनस्पतिशास्त्राचें पारितोषिक मिळविलें. १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या या गृहस्थांनीं मेघदूताचें मराठी पद्यांत भाषांतरही केलें. त्या काव्यांत सायंकाळच्या तेजास ताज्या जास्वंदीच्या रंगाची उपमा आहे, आणि यक्षाच्या बागेंतील माधवीमंडपास कुरबकाचें कुंपण आहे. अमरकोश लाल कोरांटीस कुरबक व पिवळीस कुरंटक म्हणतो. म्हणजे रंगीत झुडुपांचें कुंपण ही साहेबांच्या बंगल्यावरून आलेली टूम नव्हे. आपल्या परसांतील कोरांटी कालिदासाच्याही परिचयाची होती.

आतां एक गोष्ट जरा खेदानें सांगावी लागते. जुने वाडे मोडून सदनिका उठत आहेत, आणि त्यांबरोबर अंगणेंही जात आहेत. रोह्याच्या एका आळींत आम्हीं असाच एक वाडा पाहिला. तिघां भावांची वाटणी झाली होती. मागील दारीं सासूबाईंनीं लावलेली जास्वंद होती. थोरल्या जाऊबाई तिच्या फांद्या कापून धाकट्या दोघींसाठीं बाजूस ठेवीत होत्या. आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाल्या, “वाड्याचे तीन हिस्से झाले, तसे हिचेही करतें. पण हिचें कांहीं कमी व्हायचें नाहीं.”

हें अक्षरशः खरें आहे. जास्वंद, कण्हेर, क्रोटन हीं सारीं फांदीपासून होतात. मृगाच्या सरी स्थिरावल्या कीं पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची फांदी घ्यावी. खालचीं पानें काढावीं, वरची बाजू वरच राहील अशी ती निम्मी मातींत रोवावी व नवीं पानें फुटेपर्यंत सांवलींत ठेवावी. कोंकणांतील पाऊस मोठा. कुंडींत पाणी सांचूं दिल्यास फांदी कुजते, म्हणून तळाचें भोंक मोकळें असावें. ऊन मिळणारी खिडकी असली तर सदनिकेंतही जास्वंद फुलते.

ज्या घरांत वाटणीचा विचार चालला असेल, तेथील वडील मंडळींनीं भांडीं व दागिने मोजण्यापूर्वीं एकदां मागील दारीं जाऊन यावें. प्रत्येक मुलास एकेक फांदी द्यावी. घरें वेगळीं झालीं तरी चतुर्थीस सर्वांच्या देव्हाऱ्यांत एकाच झाडाचें फूल चढेल.